देवाकडे ज्ञान मागताना या चुका टाळा

बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात गिबोनचे लोक इस्राएलांच्या छावणीत येतात. गाढवांवर जुनी गोणपाटे, फाटून पुन्हा शिवलेले द्राक्षारसाचे बुधले, पायांत ठिगळे लावलेली पायताणे आणि शिध्यात वाळून बुरसटलेली भाकर. आपण फार दूरच्या देशाहून आलो आहोत, असे ते सांगतात. इस्राएलाचे पुढारी तो शिधा घेऊन पाहतात, त्यावरून त्यांची खात्री पटते आणि ते शपथ वाहून करार करतात. तीन दिवसांनी उघड होते की हे लोक अगदी शेजारचे आहेत, आणि शेजारच्यांशी करार करायला इस्राएलांना मनाई होती. या सगळ्या प्रसंगात शास्त्र पुढाऱ्यांच्या बुद्धीला नावे ठेवत नाही. त्यांनी परमेश्वराला विचारले नाही, एवढीच नोंद ते करते.

नियमित प्रार्थना करणाऱ्यांच्या हातून सहसा ही चूक होत नाही. आपण विचारतो, उपास धरून विचारतो, इतरांनाही आपल्यासाठी विचारायला सांगतो, आणि तरीही महिनोन्महिने काही उमगत नाही. मग आपला विश्वास कमी पडला, असा निष्कर्ष आपण काढतो किंवा कोणीतरी तो आपल्यासाठी काढून देतो. माझा अनुभव असा आहे की अशा वेळी बहुतेकदा विश्वासापेक्षा प्रामाणिकपणाची उणीव असते. देवापुढे आपण जो प्रश्न ठेवतो तो आपला खरा प्रश्न नसतो, आणि जो खरा असतो तो आपण ठेवलेलाच नसतो.

सावरून मांडलेला प्रश्न

ही चूक सर्वांत सहज घडते, कारण ती भक्तीसारखी दिसते. काही वर्षांपूर्वी आमच्या आईचे आजारपण लांबत गेले आणि तिच्याजवळ कोणी राहायचे यावरून माझ्यात आणि धाकट्या भावात अबोला आला. मी रोज पहाटे वहीत प्रार्थना लिहीत असे. कित्येक आठवडे त्या वहीत थोड्याफार फरकाने एकच वाक्य आहे: 'प्रभू, माझ्या भावाला सद्बुद्धी दे आणि आम्हाला योग्य मार्ग दाखव.' उपासनेत मोठ्याने म्हटले असते तर सगळ्यांनी 'आमेन' म्हटले असते, असे ते वाक्य. एका पहाटे 'प्रभू, माझ्या' इथवर लिहून झाले आणि पेन तिथेच टेकून राहिले. शाईचा ठिपका पसरत पसरत पलीकडच्या पानावर उतरला. मग त्याखाली मी लिहिले, 'मला आईची जबाबदारी नको आहे, आणि हे कोणाला कळायलाही नको आहे.' ते वाक्य दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा पुन्हा लिहिले.

कोणताही आवाज आला नाही. पण त्या वाक्यापाशी बसल्यावर पुढचा प्रश्न आपोआप समोर आला: मला नेमके काय नको आहे? उत्तर होते, रात्री. रात्रीची जागरणे, आणि एखाद्या रात्री आई मला ओळखणार नाही ही भीती. दोन दिवसांनी मी भावाला फोन करून हेच सांगितले, तेव्हा कळले की त्याचीही भीती तीच होती. त्यानंतर रात्री वाटून घेणे ही साधी गोष्ट ठरायला अर्धा तासही लागला नाही. 'भावाला सद्बुद्धी दे' या प्रार्थनेत त्या उत्तराला जागाच नव्हती, कारण त्या प्रार्थनेत बदलायचे होते ते फक्त भावाने.

१३ व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा 'कोठवर' असे विचारतो. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते. शेवटी आशेची एक ओळ जोडून ते कोणी गोड केलेले नाही, आणि तरीही ते प्रार्थनांच्या संग्रहात मानाने राहिले आहे. मला सर्वांत जवळचे वाटते ते १३९ वे. त्यात कवी आपल्या वैऱ्यांविषयीचा द्वेष झाकत नाही, दुर्जनांना मारून टाक असे तो देवाला उघड म्हणतो, आणि त्याच्या लगेच पुढे 'माझी झडती घे' अशी विनंती करतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. द्वेष आधी बाहेर काढून ठेवला म्हणून झडतीला काही अर्थ आला.

आपली प्रार्थना सावरलेली आहे का, हे ओळखण्याची एक खूण अशी की ती एक शब्दही न बदलता कोणाहीपुढे म्हणता येते. तसे आढळले तर जे वाक्य सुरू करताना आपण अडखळतो, ते पूर्ण करावे. येशूने खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितले, त्याचा एक मोठा उपयोग हाच आहे, असे मला वाटते: दार लावल्यावर चांगले दिसण्याची गरज उरत नाही. मात्र खोलीत देवाला सांगितलेली प्रत्येक गोष्ट बाहेर येऊन माणसांना सांगायचीच असते असे नाही. मी भावाला माझी भीती सांगितली. त्याच्याविषयी त्या वहीत आणखी जे लिहिले होते ते सांगितले नाही.

ठरवून झाल्यावर विचारणे

यरुशलेम पडल्यानंतरच्या दिवसांत, इ.स.पूर्व ५८६ च्या सुमारास, उरलेल्या लोकांना घेऊन योहानान नावाचा सेनानायक यिर्मया संदेष्ट्याकडे गेला. आम्ही कोणत्या वाटेने जावे आणि काय करावे हे परमेश्वराला विचार, बरे असो वा वाईट, आम्ही त्याचे ऐकू, असे सर्वांनी शपथेवर सांगितले. दहा दिवसांनी वचन आले: याच देशात राहा, मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊ नका. त्यावर ते यिर्मयाला म्हणाले, तू खोटे बोलतोस. आणि ते मिसरात गेले. यिर्मयाच्या ४२ व्या अध्यायातील ती नम्र विनंती वाचून मन हेलावते, पण ४१ व्या अध्यायाचा शेवट वाचला की कळते की मिसरात जाण्याच्या इराद्याने ते आधीच निघालेले होते आणि बेथलेहेमाजवळ मुक्काम करून होते. त्यांना हवी होती ती संमती.

या लोकांना ढोंगी म्हणून बाजूला सारू नये. ते भ्यालेले होते, आणि आपण मोकळ्या मनाने विचारतो आहोत, असे त्यांना कदाचित खरोखर वाटतही असेल. म्हणूनच ही चूक आतून दिसत नाही. नोकरी बदलायची असो, लग्नाचा निर्णय असो किंवा मंडळी (आपले चर्च) सोडून जायचे असो, विचारण्यापूर्वी स्वतःला एक गोष्ट विचारावी: कोणते उत्तर आले तर ते देवाचे नाही असे मी म्हणेन? तसे एखादे उत्तर सापडले, तर प्रार्थना तिथून सुरू करावी. 'प्रभू, मला जायचेच आहे. माझे सामान बांधून झाले आहे' असे म्हणणे हे 'तुझी इच्छा पूर्ण होवो' असे वरवर म्हणण्यापेक्षा अधिक आदराचे आहे. गेथशेमाने बागेत येशूने आधी आपली इच्छा स्पष्ट सांगितली, हा प्याला टळून जावो म्हणाला, आणि मगच पित्याच्या इच्छेची गोष्ट केली. यातला पहिला भाग गाळून आपण केवळ दुसरा म्हणतो आणि त्याला समर्पण समजतो.

याच चुकीचा दुसरा प्रकार म्हणजे सल्लागार निवडून घेणे. इस्राएलाच्या अहाब राजाकडे रामोथ-गिलादाच्या लढाईला होकार देणारे सुमारे ४०० संदेष्टे होते. मीखाया नावाच्या संदेष्ट्याला बोलावण्याची गोष्ट निघाली तेव्हा तो म्हणाला की त्या माणसाचा मला द्वेष वाटतो, कारण तो माझ्याविषयी कधी चांगले सांगत नाही. प्रार्थनेची विनंती करताना आपण कोणाला टाळतो आणि हकीगतीतला कोणता तपशील वगळतो, हे पाहिले की बरेच काही कळून येते.

'संशय' या शब्दाने घाबरणे

नव्या करारातील याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की ज्याला ज्ञानाची उणीव असेल त्याने देवाजवळ मागावे, पण संशय न धरता मागावे. संशयी माणूस वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेसारखा असतो. या वचनामुळे अनेक प्रामाणिक माणसे अडतात. मनात शंका आली की प्रार्थना बाद झाली, असे समजून ती शंका दाबून टाकतात आणि नकळत अप्रामाणिक होतात.

याकोब पुढे ज्या माणसाचे वर्णन करतो त्याच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये 'दिप्सुखोस' हा शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ दोन जिवांचा, दुहेरी मनाचा. हाच शब्द चौथ्या अध्यायात पुन्हा येतो, आणि तिथे संदर्भ जगाशी मैत्री ठेवून देवाजवळही राहू पाहणाऱ्यांचा आहे. म्हणजे याकोबाचा रोख, देव ऐकेल की नाही या धडधडीवर नसून दोन्ही दरवाजे उघडे ठेवण्यावर आहे. देव कसा देतो हे सांगताना त्याने वापरलेला शब्द 'हाप्लोस' असा आहे. उदारपणे असा त्याचा अर्थ करतात, पण त्यात एकेरीपणाची, आडपडदा नसण्याची छटाही आहे. देणारा एकमनाने देतो आणि दोष लावत नाही. मागणारा मात्र अर्ध्या मनाने मागतो. ज्या बापाने येशूला रडून सांगितले की माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासाचे काय ते तूच पाहा, त्याच्या मनात शंका होती. तरीही तो दुहेरी मनाचा नव्हता, कारण त्याने ती शंकाही येशूच्याच हाती दिली. त्याचा मुलगा बरा झाला.

ज्ञानाऐवजी माहिती मागणे

उद्या काय होणार, ही नोकरी मिळेल का, हा आजार बरा होईल का, हे जाणून घेण्याची इच्छा स्वाभाविक आहे आणि ती देवाला सांगण्यात काही गैर नाही. पण याकोबाचे वचन नाना प्रकारच्या परीक्षांच्या संदर्भात आले आहे. तिथे मागायचे आहे ते परीक्षेत कसे वागावे याचे शहाणपण. पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे असे उत्तर मिळाले, आणि त्या उत्तराने त्याचे पुढचे वागणे ठरले.

माहितीच्या ओढीतूनच माणसे खुणा मागू लागतात. देवाकडे खूण मागण्यासाठी लोकर पसरणाऱ्या गिदोनाचा दाखला देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की त्याने लोकर पसरली तेव्हा काय करायचे ते त्याला आधीच सांगून झाले होते. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी मानायचे, हीही तशीच सवय आहे. तिच्या समर्थनार्थ प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टीनचे नाव घेतले जाते. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत त्याने पौलाची पत्रे उघडली आणि रोमकरांस पत्रातील वचनाने त्याचे आयुष्य बदलले, हे खरेच आहे. पण हाच ऑगस्टीन तरुणपणी देवाला म्हणाला होता, मला शुद्धता दे, पण इतक्यात नको. इतकी प्रामाणिक प्रार्थना मला दुसरी आठवत नाही. बागेत समोर आलेले वचन देहवासनेविषयीचेच होते, म्हणजे जे त्याने अनेक वर्षांपूर्वी स्वतःच्या तोंडाने लांबणीवर टाकले होते, नेमके त्याविषयीचे.

उत्तर वाटते ते तपासून न पाहणे

मन शांत झाले म्हणजे देवाने होकार दिला, असे धरून चालू नये. पळून जाण्याचा निर्णय झाला तरी मन शांत होते, आणि देवाच्या आज्ञेपासून पळणारा योना संदेष्टा जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. दावीदाने मंदिर बांधण्याचा मनोदय सांगितला तेव्हा नाथान संदेष्टाही लगेच 'कर' म्हणाला आणि त्याच रात्री त्याला आपला शब्द मागे घ्यावा लागला. याकोबाच्या तिसऱ्या अध्यायातली कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटते: वरून येणारे ज्ञान आधी शुद्ध असते, मग शांतिप्रिय, सौम्य, समजावले तर ऐकणारे, दयेने भरलेले, पक्षपात आणि ढोंग नसलेले. यातले 'समजावले तर ऐकणारे' हे लक्षण विशेष जपावे. देवाने मला सांगितले आहे, आता कोणी बोलू नका, असे वाटू लागले की थांबावे. यरुशलेमच्या सभेत प्रेषितांनी पवित्र आत्म्याला आणि आम्हाला असे योग्य वाटले, हे शब्द लिहिले ते पुष्कळ वादविवाद झाल्यानंतर. आजारात डॉक्टरांना विचारणे, घरात मारहाण होत असेल तर सुरक्षित जागी जाऊन मदत मागणे, हेही ज्ञान मागण्यातच येते. प्रार्थना करत राहा, असे सांगून कोणाला तिथेच थांबवू नये.

मन खचलेले असताना, उजेडात केलेला निर्णय बदलू नये, हा जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा नियमही इथे पाळण्यासारखा आहे.

चुकीचा निर्णय आधीच होऊन गेला असेल तर

गिबोनकरांशी केलेली शपथ इस्राएलाने मोडली नाही. पुढच्याच अध्यायात पाच राजे गिबोनावर चालून येतात, तेव्हा फसवणूक करणाऱ्या त्याच शेजाऱ्यांना वाचवण्यासाठी इस्राएलाचा नेता यहोशवा गिलगालच्या छावणीहून रात्रभर चालून जातो आणि परमेश्वर त्याला भिऊ नको म्हणतो. न विचारता केलेल्या करारातही देव त्यांच्याबरोबर राहिला.

त्याच गिबोनात पुढे दावीदाचा मुलगा शलमोन राजा याला रात्री स्वप्नात देव विचारतो, तुला काय हवे? शलमोन म्हणतो की मी लहान मूल आहे, मला कसे वागावे ते कळत नाही, आणि तो मागतो ते मूळ हिब्रूत 'लेव शोमेआ', म्हणजे ऐकणारे मन. तो जागा होऊन यरुशलेमेला परततो, आणि शास्त्रात त्यापाठोपाठ येते ती एकाच जिवंत बाळावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रियांची फिर्याद. साक्षीदार कोणी नाही. राजा दोघींचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतो, आणि तलवार मागवण्यापूर्वी ते त्यांच्याच शब्दांत पुन्हा बोलून दाखवतो.