दर घटले, युरो चढला: चलनाचे सौदे करताना या चुका टाळा

चलनबाजारात नवा आलेला माणूस सगळ्यात आधी एक नियम पाठ करतो: व्याजदर वाढले की चलन चढते, घटले की उतरते. नियम खोटा नाही. पण तेवढ्यावर सौदा टाकणारे इतके जण मी बुडताना पाहिले आहेत की आता सविस्तर लिहायलाच हवे.

आकडा पाहायचा, अपेक्षा पाहायची नाही

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. नाशिककडचे एक द्राक्ष निर्यातदार माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचे पैसे नेदरलँड्सहून युरोत येतात. येणाऱ्या रकमेइतके युरो फ्युचर्स (पुढच्या तारखेच्या व्यवहाराचा भाव आजच ठरवणारे वायदे) विकून ते भाव बांधून घेतात, आणि ते योग्यच आहे. मार्च 2025 मध्ये त्यांच्या पुतण्याने वाचले की 6 तारखेला युरोपियन सेंट्रल बँक पाव टक्का दरकपात करणार. दर घटणार म्हणजे युरो पडणार, असे धरून त्याने येण्याच्या रकमेच्या कितीतरी पट लॉट (वायद्याचे ठराविक आकाराचे गठ्ठे) त्यांना विकायला लावले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा सौद्यामागे खरे येणे-देणे असावे लागते, त्यामुळे मुळात हे नियमातही बसत नव्हते.

बँकेने ठरल्याप्रमाणे दर अडीच टक्क्यांवर आणला. युरो मात्र त्या एका आठवड्यात 1.04 डॉलरच्या आसपासून 1.08 वर गेला. आपल्याकडे 91 रुपयांच्या आसपासचा युरो 94 च्या वर गेला. एक लॉट हजार युरोंचा, म्हणजे लॉटमागे तीन हजारांहून जास्त तोटा. जेवढे युरो खरोखर येणार होते तेवढ्यांवरचा तोटा चढ्या भावाने भरून निघाला. जादा लॉटचा पैसा रोजच्या मार्क-टू-मार्केटमध्ये, म्हणजे दर दिवशीच्या भावाने होणाऱ्या नफा-तोट्याच्या हिशेबात, खात्यातून जात राहिला आणि शेवटी मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) भरता येईना म्हणून नको त्या भावाला सौदा कापावा लागला.

असे का झाले? कपात होणार हे सगळ्या बाजाराला आधीपासून माहीत होते आणि ती भावात धरून झाली होती. नवी बातमी वेगळीच होती. 4 मार्चला जर्मनीत संरक्षणखर्चासाठी कर्जाची मर्यादा सैल करण्याचा आणि पायाभूत सुविधांसाठी 500 अब्ज युरोंचा निधी उभारण्याचा प्रस्ताव आला. सरकार जास्त कर्ज काढणार म्हणून दुसऱ्या दिवशी जर्मनीच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा सुमारे 0.3 टक्क्यांनी उसळला. तिकडच्या रोख्यांवर जास्त परतावा मिळू लागला आणि युरोला मागणी आली.

डॉलरचेही तेच. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडने सप्टेंबर ते डिसेंबर 2024 मध्ये मिळून एक टक्का दर कमी केला. त्याच काळात डॉलर निर्देशांक (इतर प्रमुख चलनांच्या तुलनेत डॉलरची किंमत दाखवणारा आकडा) 101 च्या आसपासून 108 वर पोहोचला.

माझी सवय अशी आहे. महागाई, रोजगार असा आकडा यायच्या आदल्या दिवशी वहीत तीन गोष्टी लिहितो: अंदाज किती, मागचा आकडा किती, आणि दोन वर्षांच्या रोख्यांचा परतावा गेल्या दोन आठवड्यांत कुठे गेला. परतावा आधीच हलला असेल तर बातमी भावात आली आहे, मग मी सौदा करत नाही. हे काम पंधरा मिनिटांचे आहे. तेवढाही धीर नसणारे लोक मोबाईलवर आकड्यांच्या तारखांची यादी उघडतात आणि अंदाजापेक्षा चांगला म्हणून हिरव्या रंगातला आकडा दिसला की खरेदीचे बटण दाबतात.

रुपयामागे उभी असलेली रिझर्व्ह बँक विसरणे

भारत आपल्या गरजेचे 85 टक्क्यांहून जास्त कच्चे तेल आयात करतो, म्हणून तेल भडकले की रुपया पडणार, हे गणित सगळ्यांना येते. 2023 च्या जूनमध्ये ब्रेंट तेल पिंपामागे 75 डॉलरच्या आसपास होते, सप्टेंबरमध्ये ते 95 च्या वर गेले. रुपया मात्र डॉलरमागे साधारण 82 ते 83.30 च्या मध्येच फिरत राहिला. डॉलर विकत घेऊन बसलेल्यांना त्यातून फारसे काही मिळाले नाही, कारण रिझर्व्ह बँक डॉलर विकत होती. मग अनेकांनी रुपया हलतच नाही असे गृहीत धरले. 2024 च्या शेवटी बँकेची पकड सैल झाली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये डॉलर 88 रुपयांच्या अगदी जवळ गेला.

रिझर्व्ह बँकेच्या मासिक बुलेटिनमध्ये तिने किती डॉलर घेतले, किती विकले, आणि वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखांना, किती डॉलर देणे आहे, हे दिलेले असते. आकडे दोन महिने जुने असतात, तरी बँकेचा कल समजतो. शुक्रवारी येणारी परकीय चलनाच्या गंगाजळीची आकडेवारी त्याच्या जोडीला ठेवा. गंगाजळी घटली म्हणजे डॉलर विकलेच असे मात्र समजू नका; युरो, येन, सोने यांचे भाव बदलले तरी ती हलते.

बाकीच्या, थोडक्यात

पहिला आकडा अंतिम मानू नका. 1 ऑगस्ट 2025 ला अमेरिकेने मे आणि जूनच्या रोजगाराचे आकडे मिळून 2,58,000 ने खाली आणले. मेमधल्या 1,44,000 नोकऱ्या 19,000 उरल्या.

अमेरिकेचा तिमाही जीडीपी वार्षिक दराने सांगतात, आपला मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करून. दोन्ही शेजारी ठेवून निष्कर्ष काढणारे व्हिडिओ बंद करा.

भरलेल्या रकमेच्या शंभरपट सौदा उसन्या पैशावर करू देणाऱ्या परदेशी ॲपवर जाऊ नका. अनधिकृत ॲप आणि संकेतस्थळांची यादी रिझर्व्ह बँकेनेच प्रसिद्ध केली आहे, आणि तिथे पैसे लावणे फेमा या परकीय चलन कायद्याचा भंग ठरू शकते.

वेळेचा हिशेब ठेवा. अमेरिकेचा रोजगार अहवाल आपल्याकडे शुक्रवारी संध्याकाळी 6 ला येतो, तिकडच्या हिवाळ्यात 7 ला. आपला डॉलर-रुपया वायदा 5 वाजताच बंद होतो. मग सोमवारी सकाळी 9 ला भाव थेट उडी मारून उघडतो आणि स्टॉपलॉस (तोटा मर्यादेत ठेवायला आधी लावलेली ऑर्डर) ठरवलेल्या भावाला लागतच नाही. त्या शुक्रवारी साडेचारपर्यंत मी गरजेपुरते लॉट ठेवून बाकीचे काढून टाकतो, भाव माझ्या बाजूने असला तरीही.