मागे घेतलेल्या फूटरेस्टचा जोड सारखा तडकत होता, तो असा थांबला

मोटरसायकलची कॅफे रेसर (पुढे झुकून चालवायची, जुन्या रेसिंग ढंगाची गाडी) करताना फूटरेस्ट मागे घेतले. थोडं चालवलं की चेसिसच्या नळीवर, वेल्डिंगच्या अगदी कडेला, केसाएवढी चीर पडायची. पुन्हा वेल्ड मारलं, खाली त्रिकोणी पट्टी दिली. चीर शेजारी सरकली. तिसऱ्यांदा तडकल्यावर रडूच यायचं बाकी होतं.

दोष वेल्डिंगचा नव्हता. बाहेर आलेला फूटरेस्ट तरफेसारखा नळीची पातळ भिंत पिळत होता.

आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या. जुनी चीर घासून भरली. मग शाबूत जागी नळीला आरपार दोन भोकं पाडली, लेथवर करून घेतलेले जाड बुश (आरपार भोक असलेली नळकांडी) त्यांत घातले आणि बुशची दोन्ही तोंडं वेल्ड केली. पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून ८ मिमीची लोखंडी प्लेट कापून ती बुशमधून दोन बोल्टांनी कसली. फूटरेस्टला आधी वेल्डचे नुसते टाके (छोटे ठिपके) मारले. गाडीवर बसून गुडघा, घोटा, ब्रेक पेडल जुळलं, तेव्हाच पूर्ण वेल्ड.

पायाचा गिअर लिव्हर आणि गिअरबॉक्सचा आर्म जोडणारी सळई शेवटी. लिव्हर मोकळा असताना ती लिव्हरच्या आणि गिअरबॉक्सच्या, दोन्ही आर्मांशी ९० अंशांत हवी, नाहीतर गिअर अर्धवट पडतो. एका टोकाला उलटे आटे ठेवा, म्हणजे सळई न काढता लांबी जुळवता येते.