पगार घेत इंजिनिअर व्हायचंय? ब्रिटनच्या प्रसारण क्षेत्रातली डिग्री अप्रेंटिसशिप कशी मिळवावी

'अप्रेंटिस' म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आयटीआय येतं, रेल्वेचं वर्कशॉप येतं आणि महिन्याच्या शेवटी हातात पडणारा तुटपुंजा स्टायपेंड येतो. त्यामुळे इंग्लंडमधल्या मराठी घरात ए-लेव्हलला (इथली बारावी) असलेली मुलगी "मी डिग्री अप्रेंटिसशिप करणार" असं म्हणाली, की आईवडिलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मी इथे प्रसारणाच्या तांत्रिक बाजूला बरीच वर्षं काम करतोय. गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणीतरी मला गाठतंच आणि दबक्या आवाजात विचारतं, "ही खरी डिग्री असते ना हो?"

असते. डिग्री अप्रेंटिसशिप हा प्रकार इंग्लंडमध्ये २०१५ साली सुरू झाला. तुम्ही कंपनीचे पगारी कर्मचारी असता. विद्यापीठाची फी कंपनी आणि सरकार मिळून भरतात, तुमच्या खिशातून एक पैसाही जात नाही. शेवटी हातात पडते ती इतरांसारखीच बॅचलर पदवी, इथल्या भाषेत 'लेव्हल ६'. साध्या मार्गाने गेलात तर २०२५-२६ मध्ये वर्षाची फी जास्तीत जास्त ९,५३५ पौंड होती. तीन वर्षांचे होतात २८,६०५, राहण्या-खाण्याचं कर्ज वेगळं.

कंपन्या हे धर्मादाय म्हणून करत नाहीत. ज्यांचं वर्षाचं पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर आहे, त्यांना एप्रिल २०१७ पासून त्या वरच्या रकमेचा ०.५ टक्का अप्रेंटिसशिपसाठी कर म्हणून भरावा लागतो. भरलेले पैसे प्रशिक्षणावर खर्च केले तरच ते कंपनीच्या कामी येतात. शिवाय सिग्नलची जुनी दुनिया आणि नेटवर्कची नवी दुनिया, दोन्ही कळणारी माणसं बाजारात तयार मिळत नाहीत. बीबीसीला घरीच इंजिनिअर घडवायची सवय जुनीच आहे. इव्हशॅमजवळच्या वुड नॉर्टनमध्ये त्यांनी कित्येक दशकं आपले इंजिनिअर तयार केले.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही आधी नोकरी आहे, मग पदवी. कॉलेजच्या प्रवेशासारखा अर्ज कराल तर पहिल्याच चाळणीत बाहेर पडाल.

पहिलं काम: नियमात बसता का ते बघा

इथे सगळ्यात जास्त मराठी मुलं अडकतात. अप्रेंटिसशिपचा सरकारी पैसा मिळायचा तर इंग्लंडमध्ये काम करायचा हक्क हवा आणि सुरुवात करण्यापूर्वी सलग तीन वर्षं इथलं वास्तव्य हवं. ते वास्तव्यही शिक्षणासाठी आलेलं नको. म्हणजे स्टुडंट व्हिसावरची वर्षं चालत नाहीत. वडिलांना आयटीतली नोकरी लागली म्हणून पंधराव्या वर्षी इथे आलेलं मूल अठराव्या वर्षी नियमात बसतं. सतराव्या वर्षी आलेल्याला थांबावं लागतं. ब्रिटिश पासपोर्ट आहे पण शाळा पुण्यात झाली, असा उमेदवारही नुसत्या पासपोर्टावर पात्र ठरत नाही.

व्हिसाची मुदत अप्रेंटिसशिपच्या मधेच संपत असेल तर ते लपवू नका. भरती करणाऱ्यांना अर्जाच्या वेळीच लेखी विचारा.

भारतात बसून हे वाचणाऱ्यांना स्पष्ट सांगतो: नाशिकहून किंवा पणजीहून थेट अर्ज करून या योजनेत येता येत नाही. भारतात १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांना मिळते ती उमेदवारी वेगळी. ती शिक्षण संपल्यावरची असते.

आणखी एक नियम, स्कॉटलंड आणि वेल्सचा. अप्रेंटिसशिपचा कारभार तिथे वेगळा आहे. ग्लासगो किंवा कार्डिफमध्ये राहत असाल तर इंग्लंडचे नियम तुम्हाला जसेच्या तसे लागू होतील असं धरून चालू नका.

विषय

गणित हवंच. त्याच्या जोडीला भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स. ए-लेव्हल चालतं, इंजिनिअरिंगचं 'बीटेक' (BTEC, ए-लेव्हलच्या तोडीचा इथला व्यावसायिक अभ्यासक्रम; आपली बी.टेक. पदवी नव्हे) चालतं, नेमके गुण त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत असतात. दहावी-बारावी भारतात झाली असेल तर 'यूके एनिक'कडून समकक्षतेचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. फिल्म स्टडीज किंवा मीडिया घेतलंय म्हणून इथे वजन वाढत नाही. कॅमेऱ्यासमोर जाणाऱ्यांची किंवा कॅमेरा चालवणाऱ्यांची ही भरती नव्हे, त्या कॅमेऱ्याचं चित्र घराघरात पोचवणाऱ्यांची आहे.

कुठे आणि कधी शोधायचं

जागा थोड्या असतात आणि जाहिरात गाजावाजा करून येत नाही. सरकारच्या 'फाइंड ॲन अप्रेंटिसशिप' या सेवेवर 'ब्रॉडकास्ट' आणि 'मीडिया सिस्टिम्स' हे शब्द टाकून सूचना लावून ठेवा. बीबीसीच्या करिअर पानावर वेगळी नोंद करा. बीबीसीच्या प्रसारण-अभियांत्रिकीच्या योजनेशी बर्मिंगहॅम सिटी आणि सॅल्फर्ड या विद्यापीठांची नावं जोडलेली आहेत, पण या वर्षी कुठलं विद्यापीठ ते जाहिरातीतच वाचा. आयटीव्ही, स्काय आणि देशभरचे ट्रान्समीटर चालवणारी अर्किवा यांच्या पानांवरही नजर ठेवा.

नोकरी सहसा सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि अर्ज त्याच्या बरेच महिने आधी, हिवाळ्याच्या आसपास उघडतात. म्हणून ऑक्टोबरपासूनच दर आठवड्याला बघायची सवय लावा. विद्यापीठ प्रवेशाचा यूकॅसचा (इथली सामाईक प्रवेशव्यवस्था) नेहमीचा अर्जही समांतर भरून ठेवा. विद्यापीठांच्या पाच पसंत्यांमध्ये अप्रेंटिसशिप धरली जात नाही, त्यामुळे एकाने दुसऱ्याचं काही बिघडत नाही.

हात काळे करा

अर्जात 'मला तंत्रज्ञानाची आवड आहे' हे वाक्य शेकडो जण लिहितात. निवडणाऱ्याला हवा असतो पुरावा. तो आपल्या मुलांकडे असतो आणि ती तो सांगत नाहीत, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. तिथे, किंवा आता गावोगावी झालेल्या मंडळांत, गणेशोत्सवाला ध्वनिव्यवस्था कोण सांभाळतं? आरती सुरू असताना माइक शिट्टी मारायला लागला की धावतं कोण? दिवाळीचा कार्यक्रम आजीला कोल्हापुरात थेट दिसावा म्हणून लॅपटॉप, दोन कॅमेरे आणि सभागृहाचं रडकं वायफाय यांची मोट कोण बांधतं? सोळा-सतरा वर्षांचं कुणीतरी पोरच. तेच काम नीट लिहून काढा: काय जोडलं, काय बिघडलं, कसं शोधलं, पुढच्या वर्षी काय बदललं. 'मंडळाला मदत केली' असं नाही. 'थेट प्रक्षेपणात आवाज चित्राच्या पुढे धावत होता, चित्राला किती विलंब होतोय ते टाळी वाजवून मोजलं आणि आवाज तेवढाच मागे सरकवला' असं.

मंडळ नसेल तर रुग्णालयाचा रेडिओ, सामुदायिक रेडिओ, शाळेचं नाटक, चर्च, मंदिर, काहीही चालेल. घरी रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक घेऊन स्वतःचा छोटा इंटरनेट रेडिओ चालवलात तरी उत्तम.

थोडी आकडेमोड

मुलाखतीपूर्वी ओहमचा नियम, डेसिबल आणि नेटवर्कच्या आयपी पत्त्यांची जुजबी ओळख करून घ्या. त्याहून महत्त्वाचं, या धंद्यातले दोन-तीन आकडे स्वतः काढून बघा. एक मी इथेच मांडतो.

स्टुडिओत एचडी चित्र ज्या केबलमधून जातं त्या एसडीआय केबलचा वेग सेकंदाला १.४८५ गिगाबिट. हा आकडा आला कुठून? ब्रिटनमध्ये सेकंदाला २५ पूर्ण चित्रं जातात. दिसणारं चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचं, पण त्याच्या कडेला न दिसणारी जागाही पाठवली जाते, ती धरून एक चित्र २६४० गुणिले ११२५ होतं. प्रत्येक बिंदूला सरासरी २० बिट. २६४० × ११२५ × २५ × २० केलं की १,४८,५०,००,००० येतात. न दिसणारी जागा वगळली तरी एक गिगाबिटच्या थोडं वरच राहतं. म्हणजे घरातल्या साध्या गिगाबिट नेटवर्कच्या तारेत एका कॅमेऱ्याचं चित्रही कच्चं, म्हणजे न दाबता, मावत नाही. स्टुडिओ आयपीवर, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवर, न्यायचा तर दहा, पंचवीस, शंभर गिगाबिटचे नेटवर्क स्विच का लागतात, ते आता कुणी समजावायला नको.

हे 'आयपीवर नेणं' हाच सध्याचा मोठा बदल आहे. कार्डिफच्या मध्यवर्ती चौकातलं बीबीसी वेल्सचं मुख्यालय याच पद्धतीवर उभारलं. पूर्वी एका तारेतून एक चित्र जायचं, तार उपटली की चित्र गेलं, समोर दिसायचं. आता सगळी चित्रं पाकिटांत चिरून एकाच नेटवर्कवर धावतात, आणि ती पुन्हा जुळवायची तर इमारतीतल्या प्रत्येक यंत्राचं घड्याळ मायक्रोसेकंदाच्या आत एकमेकांशी जुळावं लागतं. त्यासाठी 'पीटीपी' नावाची व्यवस्था असते. अर्जात या एका गोष्टीबद्दल स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहिणारा उमेदवार गर्दीतून लगेच उठून दिसतो.

निवडीचा दिवस

आधी ऑनलाइन अर्ज, मग चाचण्या, बहुधा ध्वनिचित्रित मुलाखत आणि शेवटी एक पूर्ण दिवस: गटात काम, तांत्रिक प्रश्न, समोरासमोर बोलणं. क्रम कंपनीगणिक बदलतो.

तांत्रिक प्रश्नांतला लाडका प्रश्न या घाटाचा असतो: "कॅमेरा चालू आहे, पण नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर चित्र नाही. काय कराल?" इथे उत्तर बरोबर येण्यापेक्षा शोधायची पद्धत बघतात. मी स्वतः नवशिका असताना, एका जुन्या नोकरीत, असाच प्रकार घडला. थेट कार्यक्रमाला तासभर उरलेला, तीन नंबरच्या कॅमेऱ्याचं चित्र गायब. मी कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. लेन्स, बॅटरी, मेनू, केबल, कनेक्टर करत करत चाळीस मिनिटं गेली. शेवटी एक म्हातारा सहकारी चहाचा कप घेऊन आला, पडद्याच्या मागे वाकला आणि इनपुटचं बटण दाबलं. चित्र आलं. मला एक शब्दही न बोलता तो निघून गेला, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

साखळी मधोमध तोडायची असते. कॅमेरा ते पडदा यांच्या मधल्या एका ठिकाणी सिग्नल आहे का ते बघायचं. असेल तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. मग उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. आणि सगळ्यात आधी विचारायचं, "मघाशी चालू होतं का? मधल्या वेळात कुणी काय बदललं?" एवढं मोठ्याने बोलत बोलत मांडलंत तरी पुरे. उत्तर माहीत नसेल तर "माहीत नाही, पण मी असं शोधेन" म्हणा. आपल्या मुलांना हे जड जातं; तोंडी परीक्षेत गप्प बसण्यापेक्षा काहीतरी ठोकून द्यावं अशी आपली शिकवण. थेट प्रक्षेपणात ठोकून देणारा माणूस धोकादायक असतो आणि समोर बसलेल्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

गटकामात पुढारपण करायची घाई नको. घड्याळाकडे लक्ष ठेवणारा आणि गप्प बसलेल्याला बोलतं करणारा उमेदवारही गुण मिळवतो.

पत्र आलं की सही करण्यापूर्वी

पगाराचा कायदेशीर तळ अप्रेंटिससाठी एप्रिल २०२५ पासून ताशी ७.५५ पौंड होता; तो दर एप्रिलमध्ये बदलतो. एकोणीस पूर्ण असतील आणि पहिलं वर्ष संपलं असेल तर वयानुसारचं नेहमीचं किमान वेतन लागू होतं. मोठ्या प्रसारण कंपन्या सहसा या तळापेक्षा जास्त देतात, पण जाहिरातीतला आकडा शहराच्या घरभाड्याशेजारी ठेवून बघा. त्याच पगारात सॅल्फर्डला खोली घेऊन राहता येतं, लंडनमध्ये आईच्या घरी राहावं लागतं. विद्यार्थी कर्ज मिळणार नाही, कारण तुम्ही विद्यार्थी नसून नोकरदार आहात. पालकांनी हेही लक्षात ठेवावं: मुलाची पगारी अप्रेंटिसशिप सुरू झाली की त्याच्या नावाने पालकांना मिळणारा चाइल्ड बेनिफिट हा सरकारी भत्ता थांबतो.

अभ्यासाचा वेळ पगारी कामाच्या तासांतच धरला पाहिजे असा नियम आहे. तो वेळापत्रकात कसा दिला जातो, सलग आठवडे विद्यापीठात की आठवड्यातून एक दिवस, ते विचारून घ्या. पाळ्यांबद्दलही विचारा. बातम्या रात्री झोपत नाहीत आणि नाताळच्या दिवशी तर प्रेक्षक जास्तच असतात. तुमचे मित्र विद्यापीठाच्या लांब उन्हाळी सुट्टीत भारतात आंबे खात असतील आणि तुमच्याकडे वर्षाची मोजून रजा असेल. लग्नसराईत पुण्याला जायचं तर ती आधी मागावी लागेल. मी पाहिलेली जी काही मुलं मधेच सोडून गेली, त्यांना गणित झेपलं नाही असं झालं नाही. या तासांनी त्यांना दमवलं.

नकार आला तर

येऊ शकतो, जागाच मोजक्या असतात. अभिप्राय मागा. प्रसारणातलीच लेव्हल ३ ची, म्हणजे ए-लेव्हलच्या तोडीची, तंत्रज्ञाची अप्रेंटिसशिप घेऊन आत शिरता येतं आणि पुढे पदवीकडे वळता येतं. नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स किंवा नेटवर्किंगची नेहमीची पदवी घ्या, मधलं एक वर्ष उद्योगात काढायची सोय असलेली, आणि ते वर्ष स्टुडिओबाहेरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या एखाद्या ओबी व्हॅन कंपनीत काढा. ऑक्टोबर आला की सूचना मात्र पुन्हा चालू करा. पुढच्या वर्षी अर्ज करायला कुणी अडवत नाही, आणि तोवर आणखी एका गणेशोत्सवाचा मिक्सर तुमच्या हाताखालून गेलेला असेल.