आत्याच्या आरएफएची तयारी : उपाशी ठेवायचं, पण साखर सांभाळून

आत्याच्या स्वादुपिंडातली गाठ १४ मिलिमीटरची, म्हणजे टपोऱ्या वाटाण्यापेक्षा जरा मोठी. तिच्यापायी आत्या वर्षभर पहाटे घामाने निथळत उठायची, समोरच्याचं नाव चुकवायची. एकदा तर गॅस चालू ठेवून अंगणात जाऊन बसली. आधी फिट समजून गोळ्या झाल्या, मग ‘वयाचं आहे’ झालं, शेजारच्या काकूंनी कुलदैवताचं काही राहिलंय का विचारलं. शेवटी एका पहाटे वहिनीने स्वतःच्या आईचं ग्लुकोमीटर आणून आत्याच्या बोटाला टोचलं, तर ३८. साखर घातलेलं दूध पाजल्यावर पंधरा मिनिटांत बाई ताळ्यावर. मग रुग्णालयात उपाशी ठेवून तपासणी झाली. ती ७२ तासांपर्यंत चालू शकते, आत्याची चौदाव्या तासालाच थांबवावी लागली. साखर तळाला आणि रक्तात इन्सुलिन मात्र भरपूर. स्वादुपिंडातला इन्सुलिनोमा, म्हणजे गरज नसताना इन्सुलिन सोडत राहणारी गाठ.

उपाय ठरला आरएफए (रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन), म्हणजे सुईने गाठ जाळणं. त्यानंतरच्या महिनाभरात जी वही भरली, तीच इथे उतरवतेय. ज्यांच्या घरी हेच चालू आहे त्यांना उपयोगी पडेल. औषधांचे निर्णय अर्थात तुमच्या डॉक्टरांचे.

तारीख घेण्याआधी डॉक्टरांपुढे बसून चार गोष्टी लिहून घ्या : गाठ किती मिलिमीटर, स्वादुपिंडाच्या डोक्यात, मध्यात की शेपटीत, त्याच्या मुख्य नळीपासून किती लांब, आणि ती इन्सुलिन करतेय की नुसती बसून आहे. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची. या उपचारात तोंडावाटे दुर्बीण पोटात नेतात, तिच्या टोकाच्या सोनोग्राफीवर गाठ बघतात आणि जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून सुई थेट गाठीत घालून रेडिओलहरींच्या उष्णतेने ती जाळतात. पोटावर टाका नाही. पण नळी अगदी खेटून असेल तर तीही भाजते आणि पुढे आकसू शकते. अशा वेळी डॉक्टर ‘नको’ म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. नुसती बसून असलेली, दोन सेंटीमीटरच्या आतली गाठ पुष्कळदा काहीच न करता ठरावीक काळाने स्कॅन करून नजरेखाली ठेवतात, तेही विचारा. आणि हे सगळं न्यूरोएंडोक्राइन गाठींबद्दल, म्हणजे संप्रेरकं (हार्मोन्स) बनवणाऱ्या पेशींच्या गाठींबद्दल आहे; इन्सुलिनोमा त्यातलाच. स्वादुपिंडाचा कर्करोग म्हणतो आपण, तो नेहमीचा प्रकार निराळा, त्याचा रस्ताही निराळा.

‘ऑपरेशनच का नाही?’ हे आमच्या काकांनी तीनदा विचारलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इन्सुलिनोमाच्या रुग्णांचे ८९-८९चे दोन गट ताडून पाहिले होते. सुईने जाळलेल्यांत १८ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, शस्त्रक्रियेत सुमारे ६२ टक्क्यांना. पण शस्त्रक्रियेने सगळ्यांचीच लक्षणं गेली, सुईने साधारण ९५ टक्क्यांची, आणि सुईवाल्यांपैकी काहींची पुन्हा उद्भवली. म्हणजे पुन्हा एकदा यावं लागेल, ही मनाची तयारीसुद्धा यादीत धरा.

आता मुख्य मुद्दा. कुठल्याही भुलीच्या आधी सांगतात, ‘रात्री दहानंतर काही खाऊ नका, सकाळी या.’ इन्सुलिनोमाच्या रुग्णाला हे वाक्य धोक्याचं आहे, आणि सांगणाऱ्याच्या ते लक्षात असेलच असं नाही. आत्याच्या पहिल्या स्कॅनला नेमकं हेच झालं. उपाशीपोटी बोलावलं, नंबर साडेअकराला, आणि दहा वाजता रांगेतच ती टोकनाचा कागद चावायला लागली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘पाणीसुद्धा देऊ नका.’ आम्ही ग्लुकॉन-डी पाजलं, स्कॅन गेला दुसऱ्या दिवसावर. गेला तर गेला.

म्हणून आरएफएच्या वेळी आदल्या संध्याकाळीच भरती मागून घेतली. फाइलच्या वरच्या पानावर लाल पेनाने लिहवून घेतलं : इन्सुलिनोमा, उपाशी असताना डेक्स्ट्रोजची (ग्लुकोजची) सलाईन सुरू, दर तासाला साखर. यादीत पहिला नंबर मागितला. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटतात तेव्हा त्यांनाही हेच पुन्हा सांगा. सांगितलंय म्हणून गप्प बसू नका. शेवटचं जेवण किती वाजता, पातळ काय आणि कधीपर्यंत चालेल, हे त्यांच्याच तोंडून ऐका.

रात्री जागणारा माणूस सलाईनकडे बघणारा हवा, मोबाइलकडे नव्हे. डेक्स्ट्रोजने शीर दुखते, हात फुगतो, सलाईन ‘आउट’ होते आणि थेंब पडायचे थांबतात. आमची पहाटे चारला थांबली. सिस्टरना उठवून दुसऱ्या हाताला सुई लावेपर्यंत साखर ९६वरून ६१वर आली होती. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, दोन्ही हातांना आधीच सुई लावून ठेवा म्हणावं. रुग्ण कुरकुरेल, कुरकुरू दे. आणि घरचं ग्लुकोमीटर, स्ट्रिप्सची अख्खी डबी, सुया जवळ ठेवा. बोटं गार असतील तर आधी चोळून गरम करा, नाहीतर थेंबच येत नाही आणि स्ट्रिप वाया जाते.

औषधांची यादी वेगळ्या कागदावर लिहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वगैरे, काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण कधी ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. साखर टिकवायला डायझॉक्साइड चालू असेल तर ती गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, हे लिहून घ्या. (तिच्याने आत्याचे पाय सुजले, गालावर लव आली. ‘दाढी करून न्या मला,’ म्हणाली.) पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आवर्जून सांगा, कारण मांडीला पॅड लावून त्यातून वीज परतवतात. कवळी, बांगड्या, मंगळसूत्र घरीच. ज्या औषधाची ॲलर्जी आहे ते ठळक लिहा; स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून गुदमार्गे वेदनाशामकाची गोळी ठेवतात, त्या गटातली ॲलर्जी असेल तर आधी कळायला हवी.

कागद : जुने सगळे स्कॅन सीडीसकट, नुसता रिपोर्ट चालत नाही. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा). आधार, रेशनकार्ड, विम्याची कार्डं. विम्याची पूर्वमंजुरी आठवडाभर आधी टाका, आणि एकदाच वापरायची ती सुई बिलात कशी धरणार हे टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर स्पष्ट विचारा.

आरएफएऐवजी, गाठ स्वादुपिंडाच्या शेपटीत असून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ते शेपूट काढायचं ठरलं असेल तर एक गोष्ट हमखास राहून जाते. तिथे प्लीहा चिकटून असते, कधी तीही काढावी लागते. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या जंतूंविरुद्धच्या लशी शक्यतो दोन आठवडे आधी टोचून घ्याव्या लागतात. तारीख मिळाल्या मिळाल्या विचारा.

नंतरचं फार नाही. त्या रात्री पोटात दुखून ते पाठीत गेलं, उलट्या झाल्या किंवा ताप चढला तर सकाळची वाट पाहू नका. साखर एकदम वर जाऊ शकते. आत्याची त्या संध्याकाळी १८४ आली आणि ती घाबरली, ‘आता डायबेटिस का?’ डॉक्टर म्हणाले, वर्षभर दाबून ठेवलेल्या निरोगी पेशी जाग्या व्हायला वेळ घेतात, बघत राहू. दुसऱ्या दिवशी पातळ खाणं, तिसऱ्या दिवशी घरी.

पहाटे तीनला उठवून खायला घालायचा गजर माझ्या फोनवर होता. तो आठवडाभर चालूच ठेवा. खाऊ घालायला नाही, टोचून बघायला. आमच्या वहीत त्या आठवड्याचे आकडे आहेत : ११२, १०८, ९९, १०४, ९५, १०१, ९७. आठव्या रात्री आत्यानेच माझा फोन बंद करून उशीखाली ठेवला होता.