लाकडी पोर्ट्रेटसाठी स्क्रोल सॉ: डोळ्यांचे कोपरे तुटायचे, त्यावरचा इलाज

स्क्रोल सॉवर (बारीक ब्लेड वरखाली चालवून नक्षी कापणारं मशीन) ६ मिमी प्लायमध्ये चेहरा कापताना डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याचे टवके उडायचे. मूळ कारण मशीन पिनवाल्या ब्लेडचं होतं, म्हणजे ब्लेडच्या टोकांना आडवी पिन असते. आतला भाग कापायला ब्लेड लाकडातून ओवताना ही पिन आत जायला साधारण ५ मिमीचं भोक लागतं. बुबुळाशेजारी तेवढी जागा कुठली? म्हणून मशीन घेताना आधी विचारा, बिनपिनचं ५ इंची ब्लेड बसतं का. त्याला १ ते १.५ मिमीचं भोक पुरतं. १६ इंची थ्रोट (ब्लेडपासून मशीनच्या मागच्या खांबापर्यंतचं अंतर) ए-थ्री मापाच्या चित्राला चालतो. स्पीड कंट्रोल मात्र हवाच.

आता २ नंबरचं (बारीक) रिव्हर्स टूथ ब्लेड वापरतो: बहुतेक दात खाली तोंड करून, तळाचे काही दात उलटे वर. खालच्या बाजूचे टवके निघणं जवळपास थांबलं. ताण एवढा हवा की टिचकी मारली की टणकन वाजावं. सैल ब्लेड वळणावर वाकतं आणि काप तिरका जातो. ब्लेड थोडं उजवीकडे ओढतंच, कारण छापून काढलेल्या दातांना एका बाजूला बर (धातूची खरखरीत कड) असते. लाकूड किंचित तिरक्या दिशेने ढकला, जोर लावू नका. डिझाइनवर पॅकिंग टेप चिकटवली की कडा करपत नाहीत.

नाशिकच्या पावसाळ्यात प्लाय वाकतो, त्यामुळे तो भिंतीला टेकवून न ठेवता सपाट फळीवर वजनाखाली ठेवावा. आधी डोळे, नाक, ओठ कापायचे, बाहेरची कड शेवटी.