सोलापूरहून पणजी: दोन रात्रींच्या सहलीची आखणी

पणजीला जाणाऱ्या बहुतेकांच्या मनात मांडवीतल्या त्या दिव्यांनी लखलखणाऱ्या कॅसिनो बोटी असतात. बोट जरूर बघा, पण सहल आखताना पहिला निर्णय तिच्याबद्दलच घ्या: कोणत्या रात्री जायचं? बोटीवर गेलं की खोलीवर परतायला एक-दोन वाजतातच, म्हणजे दुसऱ्या दिवसाची सकाळ हातातून गेली. ती कोणती सकाळ गेली तर चालेल हे ठरलं की बाकीचं आपोआप बसतं. आमचं स्पष्ट मत आहे की परतीच्या आदली रात्र बोटीसाठी ठेवू नका. जागरण करून सव्वाचारशे किलोमीटर, तेही घाटातून, गाडी हाकायची नसते.

आधी दिवस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात चांगली. मात्र नाताळ ते १ जानेवारी या आठवड्यात खोल्यांचे दर भलतेच चढतात. नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव आणि ३ डिसेंबरला ओल्ड गोव्याचं फेस्त (चर्चचा उत्सव), तेव्हाही पणजीत गर्दी असते. जानेवारीच्या मध्यात आपल्याकडे गड्ड्याची जत्रा, तेव्हा घरचंच कुणी निघत नाही. रविवार ते मंगळवार किंवा सोमवार ते बुधवार असा बेत जमला तर उत्तम, कारण खोली आणि कॅसिनोचा प्रवेश दोन्ही शुक्रवार-शनिवारी महाग असतात.

जायचं कसं? फ्लाय९१ कंपनीचं सोलापूर–गोवा विमान जून २०२५मध्ये सुरू झालं. तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, विमान आठवड्यातल्या ठरावीक वारीच असतं आणि वेळापत्रक बदलतं, म्हणून जायचा आणि यायचा वार दोन्ही जुळतायत का ते आधी बघा. दोन, गोव्यात विमानतळ दोन आहेत आणि हे विमान मोपाला उतरतं, दाबोळीला नाही. तिकिटावर मोपाचा कोड जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. परतीचं तिकीट वेगळ्या कंपनीचं असेल तर हमखास इथेच घोळ होतो. मोपाहून पणजी साधारण ३५ किलोमीटर.

स्वतःच्या गाडीने दोन रस्ते आहेत. पहिला विजयपूर, जमखंडी, मुधोळ, बेळगाव आणि मग जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली, पणजी. दुसरा मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा. अंतरात फार फरक नाही, थांबे धरून नऊ ते दहा तास लागतात. विजयपूरपर्यंतचा शंभर किलोमीटरचा चौपदरी रस्ता सुखाचा आहे. पहाटे पाचला निघालात तर सातच्या सुमारास गोल घुमटापाशी असाल, आणि गर्दी व्हायच्या आत आवाज घुमवून बघता येईल. जांबोटीपुढे रस्ता अरुंद आहे आणि पावसाळ्यात चोर्ल्यात धुकं दाटतं. घाट उजेडात उतरायचा तर बेळगावहून दुपारी दोनच्या आत निघा. पावसाळ्यात आम्ही आंबोलीचा रस्ता सुचवू, कारण वाटेत थांबायला गावं जास्त आहेत. एसटीने जायचं तर कोल्हापूर गाठा, तिथून पणजीला एसटीच्याही गाड्या आहेत आणि कदंबाच्याही (गोव्याची सरकारी बससेवा). रेल्वेने बहुधा मिरजेला किंवा हुबळीला गाडी बदलावी लागते. कोकण रेल्वेचं करमळी स्थानक पणजीला सगळ्यात जवळ आहे.

मुक्काम पणजीतच करा. कळंगुट-बागाला खोली घेतली तर रात्री दीड वाजता टॅक्सी शोधावी लागते, आणि गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवामाइल्सचं ॲप आधीच फोनवर घेऊन ठेवा. मळा, फोंतेन्यास किंवा चर्च चौकाच्या आसपास खोली असेल तर बोटीचा धक्का चालत जाण्याइतका जवळ पडतो. दुचाकी भाड्याने घेताना नंबर प्लेट बघा: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे परवान्याची गाडी. पांढऱ्या पाटीची घेतलीत तर पोलीस तुम्हालाही थांबवतात आणि सकाळ चौकशीत जाते. गाडी ताब्यात घेण्याआधी तिच्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढा.

पहिल्या दिवशी पोचेपर्यंत संध्याकाळ होते. त्या दिवशी बोट नको. अंगात दिवसभराचा प्रवास असतो आणि थकलेला माणूस टेबलावर पैसे लवकर घालवतो. मिरामारला सूर्यास्त बघा, नाहीतर सांता मोनिका धक्क्यावरून पर्यटन महामंडळाची तासाभराची नदीसफर घ्या. इथे अनेकांचा गोंधळ होतो. सांता मोनिका धक्का मांडवी पुलाजवळ, कदंबा स्थानकाच्या बाजूला आहे. कॅसिनोच्या बोटींचे काउंटर मात्र दयानंद बांदोडकर मार्गावर. नदीसफरीला मुलं-म्हातारे सगळे चालतात, कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना खेळायला प्रवेश नाही.

दुसरा दिवस खरा फिरायचा. सकाळी साडेआठलाच ओल्ड गोवा गाठा, पणजीपासून १० किलोमीटर. १६०५ साली पवित्र केलेली बॉम जेझूची बासिलिका आणि समोरचं से कॅथेड्रल मिळून दोन तास पुरतात. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा जाऊ नका. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. तिथून मंगेशी साधारण तेवढंच पुढे. देवळात आणि चर्चमध्ये बर्म्युडा चालत नाही, म्हणून सकाळीच पूर्ण कपडे घालून निघा. दुपारी एक ते साडेतीन पणजीतली बरीच दुकानं मिटलेली असतात, ती वेळ जेवण आणि झोपेची. चहाच्या वेळी एखाद्या जुन्या कॅफेत पातळ भाजी-पाव आणि बन्स घ्या, मांसाहार न करणाऱ्यांचं पोट इथे छान भरतं. चारनंतर फोंतेन्यासच्या गल्ल्या फिरा. ती लोकांची राहती घरं आहेत, दारात बसून फोटो काढू नका. नदीकाठचं जुनं सचिवालय चुकवू नका. मुळात तो आदिलशहाचा वाडा, विजयपूरच्याच घराण्याचा. आदल्या सकाळी गोल घुमट पाहून आलेल्या सोलापूरकराला आदिलशाही इथे नदीच्या मुखापर्यंत पोचलेली दिसते.

आता बोट. रात्री आठच्या सुमारास काउंटरवर जा. सरकारी फोटो ओळखपत्र मूळ न्या, पॅन कार्डही जवळ ठेवा. पुरुषांना हाफ पँट आणि चपलांवर परत पाठवतात. तिकीट काउंटरवर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरच घ्या, रस्त्यावरच्या दलालाकडून नको. प्रवेशात जेवण आणि बहुतेक ठिकाणी काही चिप्स, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या, धरलेल्या असतात. नीट विचारा की त्या चिप्स रोख होतात का. एकदाच खेळायच्या कुपन-चिप्स परत देऊन पैसे मिळत नाहीत, त्यावर जिंकलेलं तेवढं मिळतं. लोक रात्रभर त्या सांभाळून ठेवतात आणि शेवटी हात हलवत परततात. २२ सप्टेंबर २०२५पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. खिडकीवर दिलेल्या पैशांतले किती कराचे आणि किती चिप्सचे, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आहे आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही.

टेबलाशी बसण्याआधी एका डावाला कमीत कमी किती लावावे लागतात त्याची पाटी वाचा. रुलेटचं, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर गोळी कुठे थांबेल यावर पैसे लावायच्या खेळाचं, गणित सोपं आहे. एका शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात आणि एका आकड्यावर लागलं तर लावलेले पैसे परत आणि वर ३५ पट मिळतात. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांत सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे. तासाला ४० डाव, दर डावाला ५०० रुपये धरले तर २० हजार फिरतात आणि सरासरी ५४० रुपये जातात. दोन शून्यांच्या चाकावर तेच हजाराच्या पुढे. प्रत्यक्षात एखाद्या तासात कितीतरी जास्त जाऊ शकतात. म्हणून रक्कम घरूनच ठरवा, तेवढीच रोख न्या आणि एटीएम कार्ड खोलीवर ठेवा. फोन टेबलापाशी वापरू देत नाहीत, फोटोही नाही. निघताना चिप्स बोटीवरच रोख करा आणि मग काठाकडच्या लाँचच्या रांगेला लागा. मध्यरात्रीनंतर ती रांग लांबते, तेव्हा बारापूर्वी उठलेलं बरं.

ज्यांना खेळायचं नाही त्यांना बोटीवर ओढून नेऊ नका. त्यांच्यासाठी कांपालचा काठ आहे. चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली कला अकादमी तिथेच आहे आणि कार्यक्रम असला तर संध्याकाळ मजेत जाते.

दोन रात्रींच्या सहलीत दुसरी रात्र हीच परतीच्या आदली, मग सुरुवातीचा नियम कसा पाळायचा? विमानाने किंवा बसने जाणाऱ्याला अडचण नाही, त्याला गाडी चालवायची नाही. गाडी घेऊन गेलेल्यांनी एक तर तिसरी रात्र जोडावी, नाहीतर एका चालकाने बोटीवर न जाता दहाला झोपावं. सकाळी नऊला निघा, म्हणजे अंधार पडेपर्यंत विजयपूर गाठता येतं. दारूच्या बाटल्या मात्र गाडीत ठेवू नका. गोव्यात विकत घेतलेली स्वस्त दारू महाराष्ट्रात आणायला बंदी आहे, बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात आणि दारूबरोबर गाडीही अडकू शकते. काजू, कोकम आणि बेबिंका घ्या. काजू पणजीच्या बाजारात भाव विचारून, चव बघून सुटे घेतलेले सजवलेल्या डब्यांपेक्षा स्वस्त पडतात.