जूनमधले सराव सामने आणि मोसमाआधीची क्रमवारी: सोलापूरच्या शालेय मुलींच्या फुटबॉल संघांसाठी

शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. पहिल्या फेरीत हरलेल्या संघाचे वर्ष त्या एका सामन्यात संपते आणि दहावीतल्या मुलीचा तर बहुधा शाळेतला फुटबॉलच संपतो. अमेरिकेत हायस्कूलचा मुलींचा संघ एका मोसमात पंधरा-वीस सामने खेळतो. तिथे मोसमाआधीचे रँकिंग आणि ज्याला ते स्क्रिमेज म्हणतात तो सराव सामना ही नुसती सुरुवात असते, स्क्रिमेजचा निकाल संघाच्या जय-पराजयाच्या हिशेबात धरतही नाहीत. सोलापुरात मुलींच्या वाट्याला येणारे निम्म्याहून अधिक फुटबॉल सराव सामन्यांतलेच असते. म्हणून ते आखून खेळवायला हवेत. ‘रविवारी या, एक मॅच टाकू’ एवढ्यावर भागत नाही.

तारखा

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि शाळांसाठीच्या सुब्रतो चषक फुटबॉल स्पर्धेच्या स्थानिक फेऱ्या साधारण जुलैत लागतात. ही स्पर्धा १९६० पासूनची आहे, पण मुलींचा १७ वर्षांखालील गट त्यात २०१२ साली आला. जिल्ह्यातून विभागाला (आपला विभाग पुणे), तिथून राज्याला अशी वाट आहे. शालेय क्रीडा स्पर्धा त्यानंतर येतात. म्हणजे हातात चार, फार तर पाच आठवडे असतात.

पहिला आठवडा नुसता पळण्याचा आणि चेंडूला पाय लावण्याचा. दोन महिने घरी बसलेल्या मुलीला तिसऱ्याच दिवशी पूर्ण सामना खेळवला की मांडीचा मागचा स्नायू धरतो आणि ती ऐन जुलैत बाहेर बसते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पहिला सराव सामना घ्या, पुढे आठवड्याला जास्तीत जास्त दोन, मध्ये पुरे दोन दिवस. असे पाच-सहा सामने होतात आणि तेवढे पुरतात.

वेळ सकाळी साडेसहाची उत्तम. संध्याकाळी पाचच्या आत मैदानावर उतरू नका. जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे वीस-वीस मिनिटांचे तीन डाव उजेडात बसतात आणि मुली वेळेत घरी पोचतात. हा मुद्दा साधा नाही. ज्या घरात आई पहाटेपासून विड्या वळते किंवा वडील यंत्रमागावर पाळीला जातात, तिथे मुलगी सांगितल्या वेळेला परतली तरच पुढच्या वेळी परवानगी मिळते. परतीची वेळ पालकांना लेखी कळवा आणि ती पाळा.

समोरचा संघ

पाच सामन्यांत दोन बरोबरीच्या संघांशी, दोन आपल्यापेक्षा भारी संघांशी आणि एक हलक्या संघाशी ठेवा. हलक्या संघाला ८-० ने हरवून काहीच कळत नाही, कारण बॅक आणि कीपरला काम पडत नाही. तो सामना नव्या मुलींना द्या. शहरात भारी संघ मिळत नसेल तर आपल्याच शाळेतला मुलांचा १४ वर्षांखालचा संघ चालतो. वेग मिळतो आणि खर्च शून्य. मात्र धक्काबुक्की आणि घसरून टॅकल बंद, हे मुलांना आधी बजावा.

बाहेरगावी जायचे असेल तर अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, बार्शी आणि पंढरपूर सत्तरच्या आसपास. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे सोळा मुलींचा प्रवास खासगी गाडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची सही आणि सोबत एक बाई, या तीन गोष्टींशिवाय निघू नका.

समोरच्या सरांशी किंवा मॅडमशी फोनवर एवढे ठरवून घ्या: किती डाव, किती मिनिटांचे, बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतील का, शिट्टी कोण वाजवणार, मुली कमी आल्या तर काय. शेवटचा प्रश्न हमखास विसरला जातो. अकरा जमल्या नाहीत तर सामना रद्द करू नका. अर्ध्या मैदानावर सात-सात खेळवा. प्रत्येकीला चेंडू जास्त वेळा मिळतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत हाच प्रकार जास्त उपयोगी आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

मैदान

सोलापूरची काळी माती फुटबॉलला दोन्ही ऋतूंत त्रास देते. उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिल्या पावसानंतर ती बुटाच्या तळाला चिकटून पाय जड होतो, आणि खरा धोका त्यानंतर असतो: ओल्या मातीत उमटलेले पावलांचे ठसे दोन दिवसांत विटेसारखे कडक होतात. त्यात घोटा मुरगळतो. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी गोलपुढचा भाग पायी फिरून बघा, खळगे चाळलेल्या मातीने भरा, पाणी शिंपडून दाबा. मुरूम टाकू नका, त्याच्या खड्यांनी गुडघे सोलतात.

आखणी फक्कीने करा. कळीचा चुना अजिबात नको, डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला एका रेषेवर ३ मीटर, दुसऱ्या रेषेवर ४ मीटर मोजा. दोन्ही टोकांतले अंतर बरोबर ५ मीटर भरले पाहिजे. ९.१५ मीटरची सुतळी खुंटीला बांधून मधले वर्तुळ ओढा. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर. हलवता येणारे गोलपोस्ट असतील तर मागच्या पट्टीवर वाळूची पोती टाकल्याशिवाय कोणालाही जवळ जाऊ देऊ नका, आणि आडव्या दांड्याला लोंबकळणे पूर्ण बंद. असे पोस्ट अंगावर पडून मुले दगावली आहेत.

चेंडू ५ नंबरचा असेल तर घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम, हवा ८.५ ते १५.६ पीएसआय. आपल्या कडक मैदानावर हवा खालच्या टोकाकडे ठेवा, नाहीतर चेंडू छातीच्या वर उडत राहतो आणि मुली तो पायात घ्यायला शिकतच नाहीत. पंपाची सुई ओली करून घाला. कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते.

सामन्याच्या दिवशी

खाणे दोन तास आधी. ज्वारीची भाकरी-भाजी चालते, तळलेले नको. पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, तहान लागायची वाट न बघता. डबा भरून ओआरएस तयार ठेवा, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच. नडगीच्या पॅडशिवाय एकही मुलगी मैदानात जाणार नाही, नियमातच तसे आहे. मैदानावरच्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे आहे हे आदल्या दिवशी विचारा आणि बॅगेत सॅनिटरी पॅड ठेवा. या एका गोष्टीपायी मुली कारण न सांगता सराव बुडवतात.

वॉर्म-अप पुरती वीस मिनिटे. फिफाचा ‘११ प्लस’ हा कार्यक्रम त्यासाठीच बनवला आहे: आठ मिनिटे हळू पळणे, दहा मिनिटे ताकद, उड्या आणि तोल, दोन मिनिटे वेगात पळणे. मुलींच्या गुडघ्याच्या आतला लिगामेंट मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतो, विशेषतः उडी मारून उतरताना गुडघे आत वळले की. म्हणून उड्यांचा भाग गाळू नका. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत हवा. डोक्याला मार बसला तर मुलगी ‘मी ठीक आहे’ म्हणाली तरी त्या दिवशी ती परत खेळणार नाही.

आता डाव. प्रत्येक डावाला एकच प्रश्न ठेवा आणि तो मुलींना आधी सांगा. पहिल्या डावात पहिल्या पसंतीच्या अकरा जणी एकत्र. दुसऱ्यात जागा बदला: लेफ्ट बॅक दुखावली तर तिथे कोण, हे याच डावात कळले पाहिजे. तिसऱ्या डावात परिस्थिती द्या, ‘आपण ०-१ ने मागे आहोत, दहा मिनिटे उरलीत’. शेवटी दोन्ही संघांनी पाच-पाच पेनल्टी मारायच्या, कारण बाद फेरीत बरोबरी झाली की तिथेच निकाल लागतो. किक मारेपर्यंत कीपरचा एक पाय तरी गोलरेषेला टेकलेला, तिच्या सरळ वर उचललेला किंवा तिच्या मागे हवा, त्याची सवय आत्ताच लावा.

गोल-किककडे बारकाईने बघा. तेरा-चौदा वर्षांच्या कीपरची किक वीस-पंचवीस मीटरवर पडते, नेमकी समोरच्या फॉरवर्डच्या पायात. शालेय सामन्यांत असे गोल फार होतात आणि दोष कीपरच्या माथी येतो. २०१९ पासून गोल-किक पेनल्टी क्षेत्राबाहेर जावी लागत नाही, चेंडू किक होऊन हलला की खेळ सुरू. म्हणून दोन बॅक क्षेत्राच्या आत दोन्ही बाजूंना उभ्या करा, जवळचा पास द्या, आणि पूर्ण एक डाव लांब किक बंद ठेवा. त्यात दोन गोल खाल्ले तरी हरकत नाही. ते गोल जूनमध्ये खाल्लेले बरे.

दुसरी गोष्ट हाकांची. आपल्या संघांत घरी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या मुली एकत्र खेळतात. उंच चेंडूवर एक ‘माझा’ ओरडते, दुसरी ‘नादी’, तिसरी ‘नंदु’, आणि तिघी एकमेकींवर आदळतात. किंवा तिघीही थांबतात. चार हाका ठरवा: ‘माझा’, ‘मागे’, ‘वेळ’, ‘सोड’. कोणत्या भाषेतल्या याने फरक पडत नाही, सगळ्यांच्या त्याच हव्यात. सराव सामन्यात ठरलेली हाक न देता चेंडू घेतला तर फ्री किक समोरच्यांना. दोन सामन्यांत तोंडात बसतात.

वही

बाहेर बसलेल्या मुलीच्या हातात वही द्या. प्रत्येक डावासाठी चारच रकाने: आपल्या अर्ध्यात चेंडू किती वेळा गमावला, गोलवर नेम धरून मारलेले फटके, आपला थ्रो आपल्याच मुलीला मिळाला की नाही, गोल-किकचे तेच. रेघा ओढायच्या, पाच झाल्या की आडवी काट. स्कोअर शेवटी कोपऱ्यात लिहा. बदली खेळाडू आत-बाहेर होत असताना ३-१ या आकड्याला अर्थ नसतो. आपल्या अर्ध्यात गमावलेले चेंडू पहिल्या सामन्यातल्या चौदावरून चौथ्या सामन्यात सहावर आले, याला असतो.

क्रमवारी

आधी संघांची. मागच्या वर्षीचा निकाल बघून नंबर लावणे ही नेहमीची चूक आहे. शालेय संघ दरवर्षी निम्मा बदलतो. पहिला प्रश्न हा: गेल्या वर्षीच्या अकरांपैकी यंदा किती जणी वयात बसतात आणि त्याच शाळेत आहेत? कीपर आणि मधली हाफ दोघी गेल्या असतील तर विजेता संघही खाली येतो.

मग गुण. सगळ्यांना १००० पासून सुरू करा, गेल्या वर्षी अंतिम फेरी खेळलेल्या आणि निम्म्याहून अधिक मुली टिकलेल्या संघाला ११००. पुढे बुद्धिबळातली एलो पद्धत वापरा. फिफाची महिलांची क्रमवारीही त्याच तत्त्वावर चालते. दोन संघांतल्या गुणांच्या फरकावरून वरच्या संघाची अपेक्षा काढतात: फरक शून्य असेल तर ०.५०, १०० असेल तर ०.६४, २०० ला ०.७६, ३०० ला ०.८५. खालच्या संघाची अपेक्षा म्हणजे एकातून ती वजा केलेला आकडा. विजयाला १, बरोबरीला ०.५, पराभवाला ०. मिळालेल्यातून अपेक्षा वजा करा आणि स्पर्धेच्या सामन्याला ४० ने, सराव सामन्याला १० ने गुणा. ११०० चा संघ १००० च्या संघाशी सराव सामन्यात बरोबरीत सुटला तर ०.५० वजा ०.६४, गुणिले १०: वरच्याचे १.४ गुण कमी, खालच्याला तेवढेच जास्त. हाच संघ स्पर्धेत हरला तर २५.६ जातात. सराव सामन्याला कमी वजन मुद्दाम दिले आहे, नाहीतर गुणांसाठी लोक नव्या मुलींना खेळवणेच बंद करतात.

ही पद्धत फसते ती संघ एकमेकांशी खेळतच नसले तर. तीन शाळा आपापसांत आणि दुसऱ्या तीन आपापसांत खेळल्या, तर दोन्ही गटांतल्या १०५० ची तुलना होत नाही. उपाय: चार शाळांची छोटी साखळी, सहा सामने, तीन रविवारी दोन-दोन, सकाळी साडेसहा ते नऊ. दोन्ही गटांतल्या दोन-दोन शाळा घ्या.

या क्रमवारीचा उपयोग लॉट्सच्या वेळी, म्हणजे कोण कोणाशी खेळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरते तेव्हा. पहिले दोन संघ तक्त्याच्या विरुद्ध अर्ध्यांत टाकावेत अशी विनंती आयोजकांना आकडे दाखवून करता येते. अकरा संघ असतील तर सोळातून अकरा गेले, पाच बाय लागतात, म्हणजे पाच संघ न खेळता दुसऱ्या फेरीत जातात. ते वरच्या पाचांना जावेत, हेही मांडा. कागद शिक्षकांपुरता ठेवा. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला की सातव्या नंबरच्या शाळेतल्या दोन मुली सोमवारी सरावाला येत नाहीत.

मुलींना १ ते १८ नंबर देऊ नका. जागेनुसार बघा: या जागेवर पहिली कोण, दुसरी कोण, आणि दुसरीला काय जमले की ती पहिली होईल. ते वाक्य तिला एकटीला सांगा. कोण कुठे हे ठरत नसेल तर आठ जणींना चार-चार मध्ये, आठ मिनिटांचे सात डाव, दर डावाला जोड्या बदलून खेळवा. जिंकलेल्या बाजूच्या प्रत्येकीला ३, बरोबरीला १. ड्रिबलिंगने डोळ्यात भरणारी मुलगी यात अनेकदा मध्यावर राहते आणि गप्प राहून योग्य जागी उभी असणारी वर येते.

शेवटचा सराव सामना स्पर्धेच्या चार दिवस आधी. मग फक्त सेट-पीस (कॉर्नर, फ्री किक) आणि पेनल्टी. त्याच दिवशी परिपत्रक पुन्हा वाचून जन्मतारखेची अट, सामन्याची मिनिटे, बदली खेळाडूंची संख्या तपासा. जन्मदाखला, आधार आणि बोनाफाईडवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का बघा, आणि सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. जुलैत पाऊस असतो.